झोपेची गोळी मागायला आलेली आई

सदर : दुकानाच्या काउंटरवरून

गेल्या वर्षी रमजानला आठ-दहा दिवस राहिले होते. इशाची नमाज झाली की मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो आणि दिवसाचा हिशेब लिहायला बसतो. त्या रात्री शटरखालून वाकून एक बाई आत आल्या. आमच्याच मोहल्ल्यातल्या आपा. एरवी त्या कधी एकट्या दुकानात येत नाहीत.

"भाई, झोपेची गोळी द्या. जोराची द्या."

"कोणासाठी?"

"पोरासाठी. तीन रात्री झाल्या, त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही."

झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. यातल्या बऱ्याच गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये मोडतात. त्या कोणाला दिल्या, कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवावं लागतं. मी तसं सांगितलं. आपांना राग आला. "एकतीस वर्षांची ओळख आणि तुम्ही मला कागद मागता?" म्हणाल्या. मग तिथल्याच स्टुलावर बसून रडू लागल्या आणि हळूहळू सगळं बोलल्या.

मुलगा बावीस वर्षांचा. सावदा-रावेरकडून केळीच्या गाड्या दिल्ली-पंजाबकडे जातात, त्यातल्या एका गाडीवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झालेला. दारूला कधी हात लावला नाही. जुमा चुकवत नाही. पाच-सहा महिन्यांपूर्वी तो एकदम कामसू झाला. फेरीवरून आला तरी थकवा नाही, रात्री दोन वाजता मोटारसायकल धुतोय, घराला रंग देतोय, घरच्यांशी तासन्‌तास बोलतोय. आपांनी शुकराना अदा केला, की अल्लाहने पोराला अक्कल दिली. मग तो जेवेनासा झाला. गाल बसले. दात करकरा खाऊ लागला, अगदी जागेपणी. पगार पुरेना. मग मोबाइल विकला, बहिणीच्या कानातलं गेलं. आता तीन रात्री तो गच्चीवर चकरा मारत होता. भिंतीपलीकडे कोणीतरी आहे, पाण्याच्या टाकीमागे कोणीतरी कॅमेरा लावलाय, असं म्हणत होता.

"नजर लागली म्हणून दम करून आणलं," आपा म्हणाल्या. "दोन ठिकाणी नेलं. एकाने सांगितलं जिन्नाचा साया आहे."

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. मला तीन महिन्यांपूर्वीच शंका आली होती. हा मुलगा माझ्याकडून नाकात घालायचे थेंब नेत होता, सारखे. नाकातून रक्त येतं म्हणायचा. दुकानात ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, तरी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असायच्या. घाम, हात थंडगार, पायाची सारखी हालचाल. औषधाच्या धंद्यातल्या माणसाला यावरून कळायला हवं आणि मला कळलंही होतं. पण त्याचे वालिद माझे लहानपणचे दोस्त. उगाच कोणाच्या पोरावर आळ कशाला घ्या, या विचाराने मी गप्प बसलो.

त्या पावडरीला पोरं 'एमडी' म्हणतात. कोणी 'म्याऊ म्याऊ' म्हणतं. खरं नाव मेफेड्रोन. पांढरी किंवा पिवळसर भुकटी, कधी बारीक खडे. बहुतेक जण नाकातून ओढतात, काही जण कागदात गुंडाळून गिळतात. येमेन, इथिओपिया, सोमालियाकडे 'खात' नावाच्या झाडाची पानं लोक दुपारभर चघळतात, हे आखाती देशांत नोकरी केलेल्यांनी ऐकलं असेल. त्या पानांत कॅथिनोन नावाचं उत्तेजक द्रव्य असतं. मेफेड्रोन त्याच कुळातलं, पण झाडावरचं नाही, कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं. १९२९ साली ते पहिल्यांदा प्रयोगशाळेत तयार झालं आणि पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं कोणी त्याकडे फिरकलं नाही. २००३च्या सुमाराला कोणीतरी ती कृती पुन्हा शोधून काढली आणि युरोपात ते 'झाडांचं खत, माणसांनी खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून राजरोस विकलं जाऊ लागलं. आम्हा केळीवाल्यांच्या मुलखात खताला फार मान आहे, तेव्हा हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. ब्रिटनने त्यावर एप्रिल २०१०मध्ये बंदी घातली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आलं. त्याआधी ते पकडलं तरी पोलिसांना त्या कायद्याचं कलम लावता येत नव्हतं.

हे मेंदूत काय करतं? आनंद, उमेद आणि सावधपणा यांचे जे रासायनिक निरोपे मेंदूत असतात, त्यांचा साठा ते एकदम बाहेर ओततं आणि परत आत जाऊ देत नाही. माणसाला वाटतं आपण वाघ आहोत. झोप पळते, भूक मरते. पण नाकातून ओढलेल्या पावडरीचा अंमल जेमतेम तासभर टिकतो. मग उतार लागतो आणि पुन्हा ओढावंसं वाटतं. म्हणून ही पोरं एका रात्रीत चार-पाच वेळा घेतात. हृदय जोरात धडधडतं, रक्तदाब चढतो, अंग तापतं. काहींना झटके येतात, काहींच्या छातीत कळ येऊन तरणीताठी माणसं गेली आहेत. दोन-तीन दिवस असं जागल्यावर भास सुरू होतात, माणूस सगळ्यांवर संशय घेतो. आपांच्या मुलाच्या टाकीमागचा कॅमेरा तो हाच.

आणि ज्या दिवशी पावडर मिळत नाही, त्या दिवशी तो मेल्यासारखा झोपतो, उठल्यावर अधाशासारखा खातो आणि मग त्याला जगण्यात काही अर्थ वाटत नाही. हे दिवस फार नाजूक असतात. आत्महत्येचे विचार याच दिवसांत येतात. घरात 'बरं झालं, झोपला एकदाचा' म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि नेमकं तेव्हाच त्याला एकटं सोडायचं नसतं.

दारूची गोष्ट निराळी आहे. दारू प्यायलेल्याच्या तोंडाला वास येतो, तो झोकांड्या खातो, गल्लीतल्या पोरांनाही कळतं. एमडी घेतलेला मुलगा सुरुवातीला चांगला दिसतो. म्हणून आपल्या घरांत हे उशिरा कळतं. पोरांमध्ये याचीच एक पळवाटही निघाली आहे. ही काही दारू नव्हे, मग हराम कशी, असं मला एका कॉलेजच्या मुलाने तोंडावर विचारलं. मी काही आलिम नाही, पण जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. सूरह माइदामध्ये ज्या खम्रची मनाई आली, तिचा खुलासा हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून केला होता : जे अकलेवर पडदा टाकतं ते खम्र. द्राक्षाचं, खजुराचं की कारखान्यातलं, हा प्रश्न उरतच नाही. मुलगा गप्प झाला. पटलं की नाही कोण जाणे.

हे सगळं मुंबई-पुण्याचं, आपल्या वरणगावात कुठलं, असं म्हणणारे अजून भेटतात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळ शिंदे गावात एमडी बनवणारा कारखाना पकडला, सुमारे ३०० कोटींचा माल. त्याच महिन्यात सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत कारवाई झाली, छत्रपती संभाजीनगरातही झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना उघड केला. पुणे, कुरकुंभ, सांगली, दिल्ली असं मिळून १७०० किलोच्या वर माल सापडला आणि त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे सांगितली गेली. आमच्या जळगावच्या एमआयडीसीतही २०१३च्या डिसेंबरात डीआरआयने हजार किलोहून जास्त केटामाइन पकडलं होतं. ते द्रव्य वेगळं, भूल देण्याचं, पण बंद पडलेले केमिकलचे कारखाने आणि हायवे हे दोन्ही जिथे आहेत तिथे हा धंदा पोचतो. वरणगाव तर भर हायवेवर आहे. आपांच्या मुलाला पहिली पुडी एका ढाब्यावर दुसऱ्या ड्रायव्हरने फुकट दिली होती. "रात्रभर झोप येणार नाही, गाडी वेळेत पोचेल" एवढंच सांगून. त्याला नशा करायचीच नव्हती. केळी पिकायच्या आत पोचवायची होती.

तर त्या रात्री मी गोळी दिली नाही. आपांना म्हटलं, त्याच्या अंगाला हात लावून बघा, ताप आहे का. छातीत दुखतंय म्हणाला, झटका आला, अंग भट्टीसारखं तापलं, तर वाट बघू नका, १०८ला फोन करा. खोलीत कोंडू नका, दोरीने बांधू नका, त्याने अंग आणखी तापतं. दिवे मंद करा, आवाज करू नका, टाकीमागे कोणी नाही हे त्याला पटवून देत बसू नका. पाणी घोट-घोट द्या, बादलीभर पाजू नका. या पावडरीवर उतारा म्हणून कुठलं औषध नाही. दवाखान्यात लक्षणांवर उपचार करतात, शांत करण्याचं औषध तिथे देतात, पण ते नाडी आणि रक्तदाब बघून. घरी अंदाजाने झोपेच्या गोळ्या देणं आणि त्याच्या पोटात आणखी काय गेलंय ते माहीत नसणं, यात जीव जाऊ शकतो. आणि डॉक्टरांना खरं सांगा. 'अशक्तपणा आहे' असं सांगून सलाइन लावून घेतात लोक, आणि सलाइन संपली की तो पुन्हा ढाब्यावर.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्या वालिदांना भेटलो. त्यांचा पहिला सवाल : "पोलिसांत कळलं तर?" या भीतीपायी घरं वर्ष-वर्ष मुलाला लपवतात, म्हणून कायद्याचं जरा सविस्तर लिहितो.

मेफेड्रोनचं प्रमाण कायद्यात ठरलेलं आहे. २ ग्रॅमपेक्षा कमी ते अल्प, ५० ग्रॅमपेक्षा जास्त ते व्यापारी. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी, वीसपर्यंत, शिवाय लाखाच्या पुढे दंड. व्यापारी प्रमाणात जामीन मिळणं महाकठीण. ५० ग्रॅम म्हणजे किती? आपल्याकडे चहाची जी छोटी पुडी येते, तेवढं. त्यात निम्मी भेसळ असली तरी सुटका नाही, कारण २०२० सालच्या हीरा सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भेसळीसकट सगळं वजन धरायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण उधारी चढलेल्या पोराला विकणारे म्हणतात, पैसे नाहीत ना, मग एवढी पिशवी भुसावळला पोचव. त्या एका खेपेत मुलगा नशेबाजाचा व्यापारी होऊन जातो. आणि घरात असला व्यवहार चालतो हे ठाऊक असून घरमालकाने चालू दिला, तर २५व्या कलमाखाली त्यालाही तीच सजा आहे.

पण याच कायद्यात ६४-अ नावाचं एक कलम आहे. जो मुलगा स्वतः नशेच्या आहारी गेलाय, ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, आणि जो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेतो, त्याच्यावर खटला चालत नाही. अट एवढीच की उपचार अर्धवट टाकायचा नाही, टाकला तर ही सवलत काढून घेता येते. मी हे कलम छापील पुस्तकातून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. तरी त्या दिवशी त्यांनी काही केलं नाही.

त्यांनी काय ठरवलं, तर निकाह लावायचा. आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात वाईट इलाज. जबाबदारी पडली की सुधारेल. ईदनंतरची तारीखही बोलून झाली. मुलगी रावेर तालुक्यातली, डी.एड. झालेली.

एक दिवस दुपारी त्या मुलीचे वालिद माझ्या दुकानात आले. डोकेदुखीची गोळी घेतली, तिथेच पाण्याबरोबर घेतली आणि इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "भाईसाहेब, तुमच्या मोहल्ल्यातला हा मुलगा कसा आहे?"

वाचकहो, तुमच्यापैकी किती जणांना हा सवाल कोणी ना कोणी विचारला असेल. मी काउंटर पुसत राहिलो. दोस्ताच्या घराची इज्जत एका बाजूला. गीबत किती मोठा गुन्हा आहे, तेही ठाऊक. पण निकाहसाठी कोणी मशवरा विचारला तर जे नक्की माहीत आहे ते गरजेपुरतं सांगणं गीबतीत येत नाही, हे इमाम नववींसारख्या बुजुर्गांनी लिहून ठेवलंय. शिवाय माझ्या घरातही दोन मुली वाढल्या आहेत. मी म्हटलं, "मुलगा दिलाचा वाईट नाही. पण तो आजारी आहे आणि त्याचा इलाज झालेला नाही. निदान वर्षभर थांबा, आणि कशाचा आजार हे त्याच्या वालिदांनाच विचारा."

ते उठले, पैसे दिले, सलाम केला आणि गेले. संध्याकाळपर्यंत बातमी मोहल्लाभर. माझ्या दोस्ताने माझ्याशी सलाम-दुआ बंद केली. ईदला गळाभेट नाही. मशिदीत मी पहिल्या सफमध्ये दिसलो की तो मागे जायचा. असं दोन महिने चाललं.

तेवढ्या काळात मुलगा एका खाजगी केंद्रात जाऊन आला. तिथे इलाज कमी आणि मार जास्त होता. मुलाच्या पाठीवरचे वळ आपांनी मला दाखवले. अशी ठिकाणं निवडताना एक बघा, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली त्यांची नोंदणी आहे का, आणि डॉक्टर खरोखर येतो का. जिथे घरच्यांना महिना-महिना भेटू देत नाहीत, तिथून मुलाला घेऊन या. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केलं ते गर्दच्या लाटेत. तिथे घरची माणसंही इलाजात सामील असतात. चांगल्या केंद्राची ही एक खूण धरायला हरकत नाही. जवळचं म्हणाल तर जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचे डॉक्टर बसतात, केसपेपरला नाममात्र पैसे लागतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. मनाच्या त्रासासाठी १४४१६. विकणाऱ्यांची खबर द्यायची असेल तर १९३३.

काही घरांत लघवी तपासायच्या पट्ट्या मागवतात आणि निकाल चांगला आला की निर्धास्त होतात. बाजारातल्या साध्या पट्ट्यांवर एमडी पुष्कळदा दिसतच नाही. पट्टीपेक्षा झोप, भूक, पैसा आणि दोस्त यांच्याकडे बघा. दम करायचं असेल तर जरूर करा, दुआ तर हवीच. पण इलाज करण्याची तालीमही आपल्याला आपल्या नबींनीच (स.) दिलेली आहे. दम करणाऱ्या एका मौलानांनीच शेवटी आपांना सांगितलं, की हा जिन्न नाही, याला डॉक्टरकडे न्या. त्या मौलानांचे माझ्यावर उपकार आहेत, कारण माझं कोणी ऐकत नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी माझा दोस्त दुकानासमोर येऊन उभा राहिला. आत आला नाही. गिऱ्हाईक संपेपर्यंत उभाच. मग म्हणाला, "ते कलम पुन्हा वाचून दाखव." आम्ही तिघे त्याच दिवशी जळगावला गेलो. मुलगा गाडीत खिडकीशी बसून होता, साकेगावच्या पुलापर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "चाचा, तुम्हाला कळलं होतं ना? थेंब घ्यायला येत होतो तेव्हाच?" मी हो म्हटलं. "मग बोलले का नाही?" माझ्याकडे जवाब नव्हता.

अकरा दिवस तो वॉर्डात होता. भास गेले. पण ओढ गेली नाही. अफूच्या, गर्दच्या व्यसनाला निदान बदली औषधं आहेत. एमडीला तशी नाहीत. समुपदेशन, दिवसाची शिस्त, जुनी संगत तोडणं, हेच औषध, आणि ते महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. गाडीची नोकरी त्याने सोडली, सोडायलाच हवी होती. आता तो मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात बसतो, आणि पगार त्याच्या हातात न देता आपांकडे येतो. नोव्हेंबरमध्ये एकदा पाय घसरला, एक रात्र. त्याने स्वतः येऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सांगितलं हे महत्त्वाचं, पुढची तारीख चुकवू नका. माझ्या दोस्ताला मात्र त्या रात्री खूप लागलं. तो म्हणाला, आता पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, पहिल्यापासून नाही, तेव्हा तीन महिने कोणाला माहीत नव्हतं.

रावेरकडच्या त्या मुलीचा निकाह मागच्या महिन्यात दुसरीकडे झाला. तिच्या वालिदांनी मला दावतनामा पाठवला होता, मी गेलो नाही, जाववलं नाही.

परवा आपा दुकानात आल्या, दिवसाउजेडी, नातीचं बोट धरून. म्हटलं, काय देऊ? म्हणाल्या, गुडघ्याचं मलम द्या, माझ्यासाठी. आणि जाता जाता सांगून गेल्या, पोरगा काल जेवून दहालाच झोपला, फजरला हाका मारून उठवावं लागलं.